हितं मास्तर व्हते

दार वाजलं तेव्हा माझे दोन्ही हात डेव्हलपरच्या ट्रेमध्ये होते. पिंपरीला नवा कारखाना उभा राहतोय, तिथल्या कामगारांच्या पासांवर लावायचे फोटो सध्या माझ्याच स्टुडिओत निघतात. लाल दिव्याखाली, पाण्यातून एकेक कपाळ, एकेक मिशी वर येत होती. मी आतूनच ओरडलो, "थांबा, दार उघडू नका, उजेड येईल!" बाहेरचा माणूस थांबला. मी सावकाश सगळे फोटो धुतले, दोरीला लावले, हात पुसले आणि मग कडी काढली. दारात अनंताच्या शाळेचा शिपाई धोंडिबा उभा होता. टोपी काढून हातात धरलेली. "मास्तर गेले," तो म्हणाला. मी वेड्यासारखं विचारलं, "कुठे?" त्याने टोपी डोळ्यांना लावली, तेव्हा कळलं. अनंता वर्गात फळ्यावर सुरई काढून दाखवत होता, बरं वाटेना म्हणून खुर्चीवर बसला, तो उठलाच नाही. मी धोंडिबावरच चिडलो. "अरे, मग बाहेरूनच का नाही सांगितलंस?" तो खाली बघत म्हणाला, "दारातून वरडून सांगायची गोष्ट हाय का ही, फोटोवाले?"

अनंता या जगात नव्हता आणि मी आत परक्यांचे चेहरे धूत बसलो होतो. माघातली ही गोष्ट. आता वैशाख लागेल. तेवढा वेळ गेला तरी ती बंद कडी माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पण तिच्याहून जड असं काही मनात आहे, आणि ते सांगायलाच मी हे लिहायला बसलो आहे.

अनंता चिंचवडच्या एका शाळेत ड्रॉईंग मास्तर होता. पहिल्यांदा तो माझ्या स्टुडिओत आला तो मुलांच्या चित्रांचे फोटो काढून घ्यायला. काम झाल्यावर जाईल असं वाटलं होतं, पण तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, "आत नेता का हो? कागदावर चित्र येतं कसं ते बघायचंय." गिऱ्हाइकाला मी कधी अंधाऱ्या खोलीत नेत नसे. त्याला नेलं. पांढऱ्या कागदावर हळूहळू रेघा उमटताना बघून तो इतका गप्प झाला की मला वाटलं, गरगरलं की काय याला. बाहेर आल्यावर म्हणाला, "हे तुम्ही एकटेच बघता रोज? लोकांना का दाखवत नाही?" मी हसलो. लोकांना फोटो हवा असतो, फोटो होताना बघायचा कोणाला असतो... असं मला तेव्हा वाटायचं.

पुढे देहूरोडच्या छावणीतला कोणी गोरा अधिकारी मायदेशी जाताना चावीवर चालणारा एक लहान सिनेमाचा कॅमेरा मागे सोडून गेला. तो फिरत फिरत माझ्याकडे दुरुस्तीला आला आणि आम्ही दोघांनी मिळून ठेवून घेतला. आम्हाला ना कंपनी, ना नट, ना गाणी. रविवारी आणि शाळेच्या सुट्टीत आम्ही चित्रं काढायचो. पवनेच्या घाटावरचे धोबी, चाकणच्या बाजारातले कांद्याचे ढीग, स्टेशनाबाहेर गाडीची वाट बघणारी माणसं. काय काढायचं ते अनंता ठरवायचा, कॅमेऱ्याच्या भिंगाला डोळा माझा असायचा. चावी पूर्ण दिली तरी कॅमेरा अर्धा मिनिट जेमतेम चालायचा, म्हणून तो माझ्या शेजारी उभा राहून हात वर करायचा आणि हात खाली आला की मी बटण सोडायचो. "डोळा तुझा, हट्ट माझा," असं तो सगळ्यांना सांगायचा.

त्याचा खरा हट्ट मात्र वेगळाच होता. चित्र तयार झालं की ज्या लोकांचं काढलं त्यांनाच आधी दाखवायचं, आणि दाखवून झालं की ते कसं केलं हे त्यांना उभं राहून सांगायचं. पडदा म्हणजे मांजरपाटाचे दोन पट्टे, मधोमध शिवलेले. सुशीलावहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, ते हातानेच शिवले होते. ती शिवण प्रत्येक चेहऱ्यावरून उभी जायची. मी अनेकदा म्हणालो, एकसंध कापड आणू. तो म्हणायचा, "असू दे. कापडच आहे हे, कळू दे लोकांना." रीळ संपलं की मी प्रोजेक्टरचा दिवा तसाच ठेवायचो, कारण बहुतेक ठिकाणी दुसरा उजेड नसायचाच. अनंता चपला काढून त्या पांढऱ्या चौकोनात जाऊन उभा राहायचा. शाळेत फळ्यासमोर त्याने कधी चपला काढल्या नाहीत, पडद्यासमोर मात्र न चुकता काढायचा. डोळ्यांत उजेड जात असल्यामुळे डोळे बारीक करायचा आणि सुरुवात करायचा ती नेहमी एकाच प्रश्नाने, "काय चुकलं?"

आणि लोक सांगायचे! धोब्यांचं चित्र दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवलं तेव्हा एक बाई म्हणाल्या, "आमचं समद्यांचं त्वांड दावलं, आन् माझ्या जावंची नुसती पाठ. ती काल रातीपास्नं जेवली न्हाई." अनंताने तिथल्या तिथे त्या जावेची माफी मागितली आणि पुढच्या रविवारी आम्ही घाटावर जाऊन तिचा चेहरा काढून आणला, पाठीच्या पुढे जोडला. एकदा पुण्याहून आलेल्या एका गृहस्थांनी सगळ्यांदेखत त्याला टोकलं, "मास्तर, कलावंताने आपलं स्वयंपाकघर उघडं टाकू नये. जादू जाते." अनंता म्हणाला, "साहेब, स्वयंपाकघर बघितलं म्हणून जेवण कमी जातं का हो? मला तर जास्त जातं." लोक हसले. मी प्रोजेक्टरच्या मागे अंधारात उभा होतो. मला हसू आलं नाही, कारण मनातून मी त्या गृहस्थांच्या बाजूचा होतो. आपण कुठे थांबलो, कुठे फसलो, कोणता तुकडा कुठला म्हणून खपवला, हे सगळं तो उघड सांगत सुटला की मला लाजल्यासारखं व्हायचं. मी कधी पडद्यासमोर गेलो नाही. "सदा, ये की पुढे," तो दर वेळी हाक मारायचा आणि दर वेळी मी यंत्रात काहीतरी बघत असल्याचं दाखवायचो.

चाकणच्या पलीकडे भामा नदीच्या काठी एक लहान गाव आहे. चार वर्षांपूर्वी फाल्गुनात आम्ही तिथे उफणणीचं चित्र काढलं. मळलेली ज्वारी उंच तिवईवर उभं राहून सुपातून सोडायची, वाऱ्याने भूस लांब उडतं आणि दाणे खाली पडतात. अनंताला उफणणीपेक्षा तिची वाट बघणं काढायचं होतं, कारण वारा नसेल तर काहीच होत नाही. चित्राचं नावही त्याने 'वारं' असंच ठेवलं. गेणूबाबा म्हणून एक म्हातारे होते, त्यांच्या खळ्यावर आम्ही दिवसच्या दिवस बसून काढले. वारा पडलेला. बाबा तिवईवर सूप घेऊन चढायचे, तोंड फिरवून गालाने हवा अजमावायचे आणि उतरायचे. "न्हाई येत. रुसलाय." आम्ही तेही काढलं. एके दिवशी उन्हं कलल्यावर एकदम वारा सुटला. बाबा चढले, सूप वर गेलं, मी बटण दाबलं. सोन्यासारखा उजेड, भुसाचा लोट... आणि त्या दाण्यांच्या राशीवर एक लांब सावली येऊन पडली. अनंताची. भान विसरून तो माझ्या शेजारून दोन पावलं पुढे गेला होता. सूर्य पाठीशी, टोपी तिरकी, हात वर. मला ती भिंगातून दिसली. पण वारा वाहत होता तोवर मी थांबलो नाही. थांबलो तेव्हा वाराही थांबला होता, आणि पुन्हा तसा तो आला नाही.

चैत्रातल्या जत्रेला त्याच गावात 'वारं' दाखवलं. चाकणच्या एका तंबू सिनेमावाल्याने वीज तयार करायचं इंजिन दिलं होतं, ते देवळामागे फटफटत होतं. चित्र संपलं, अनंता चपला काढून उभा राहिला आणि विचारलं, "काय चुकलं?" बायकांमधून चिमाबाईंचा आवाज आला. त्या गेणूबाबांच्या चुलत भावजय, तोंडाने फटकळ. "त्ये राशीवर हात वर करून कोन हुबं हाय? भूत हाय का?" सगळं गाव हसलं. अनंताने कान धरले. "भूत नाही, मीच आहे. चूक झाली. ती सावली काढून टाकतो." त्यावर गेणूबाबा पुढे सरकले. "कशापायी काढता? खळ्यावर मानसाची सावली पडायचीच."

"बाबा, खळं तुमचं आहे. माझं काय काम त्यात?"

"तुमी आमाला इचारता नव्हं, काय चुकलं म्हून? आमी म्हनतो, चुकलं न्हाई. मग ऐका की आमचं."

लोकांचं ऐकायचं, हा अनंताचाच नियम. पण त्या दिवशी तो स्वतःबद्दल होता म्हणून त्याने मोडला. मी एक शब्द बोललो असतो तर कदाचित त्याने ऐकलं असतं. मी बोललो नाही. मला ती सावली नकोच होती. कॅमेरा माझ्या हातात होता, दोष उद्या कोणी पुण्यातला माणूस मलाच देणार. घरी येऊन मी तो तुकडा कापला, दोन टोकं चिकटवली आणि तुकडा कचऱ्यात टाकला. आमच्याकडे दुसरी प्रत नसायची. कॅमेऱ्यातून निघालेली फिल्म धुऊन तीच पडद्यावर जायची. जे कापलं ते कायमचं गेलं, हे मला पुरतं ठाऊक होतं. टाकताना हात मात्र जराही अडखळला नाही.

त्यानंतर त्या जागी चित्र उडी मारायचं. बाबांचं सूप वर असतं, आणि पापणी लवायच्या आत खाली आलेलं दिसतं. पुढच्या वर्षी त्या गावाने पुन्हा 'वारं' मागवलं. उडी आली तशी चिमाबाई ओरडल्या, "हितं मास्तर व्हते!" आणि गाव टाळ्या पिटत हसलं. मग तो रिवाजच झाला. शेजारच्या गावांतही पसरला. उडी जवळ आली की लोक आधीच तयार असायचे, पोरंटोरं, म्हातारे, सगळे एका आवाजात, "हितं मास्तर व्हते!" अनंताला ते फार आवडायचं. पडद्यासमोर उभा राहून तो त्या उडीची सगळी कहाणी सांगायचा, आपण कसे पुढे गेलो, बाबा काय म्हणाले, आपण कसं ऐकलं नाही. फक्त एक गोष्ट तो कधी सांगत नसे. मी भिंगातून सावली बघूनही कॅमेरा चालू ठेवला होता, हे मी त्याला सांगितलं होतं. ते त्याने स्वतःकडेच ठेवलं.

आता जे सांगायचं ते सांगतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही इंद्रायणीच्या काठी काही काढत होतो. संध्याकाळ व्हायला आली होती, रिळात थोडीच फिल्म उरली होती. अनंता म्हणाला, "सदा, एकदा माझ्यावर फिरव रे."

मी म्हटलं, "तुझ्यावर? कशाला?"

"इतकी माणसं आपण समोर उभी केली. त्यांना कसं वाटत असेल, ते मला कधी कळलंच नाही. बघू तरी."

मी म्हटलं, "वाया जाईल रे. नाव परततेय, ती घेऊ."

तो लगेच म्हणाला, "बरं, नाव घे." आणि नेहमीसारखा शेजारी उभा राहून त्याने हात वर केला. मी नाव घेतली. ती नाव माझ्याकडे आहे. चांगली आली आहे... वाया जाईल, हे माझे शब्द मी आता दिवसातून किती वेळा ऐकतो, ते कोणाला सांगून पटणार नाही.

तेराव्यानंतर सुशीलावहिनी स्टुडिओत आल्या. पहिल्यांदाच. त्यांनी पडदा शिवला होता, पण त्यावरचं एकही चित्र पाहिलेलं नव्हतं. सासूबाई बरीच वर्षं अंथरुणाला खिळलेल्या होत्या, घर सोडता येत नसे. सासूबाई गेल्यावर 'जाऊ कधीतरी' म्हणता म्हणता राहिलं. मीही कधी "वहिनी, चला" म्हटलं नाही. त्या स्टुलावर बसल्या, अनंता पहिल्या दिवशी बसला होता त्याच. म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांचं एखादं चित्र असेल ना तुमच्याकडे? हलतं?" मी म्हटलं, "लग्नातला फोटो मोठा करून देतो." त्या म्हणाल्या, "तो आहे भिंतीवर. पण त्यात ते गप्प बसलेत. गप्प बसलेलं मी त्यांना कधी बघितलंच नाही." मी बघतो म्हणालो. त्या गेल्यावर एकेक डबा उघडला, एकेक रीळ हातावरून उजेडात धरून नेलं. धोबी होते, कांदे होते, नाव होती. कारखान्याच्या पासासाठी मी या भागातल्या जवळजवळ प्रत्येक माणसाचा चेहरा काढला आहे, आणि ज्याच्या खांद्याला खांदा लावून मी इतकी वर्षं उभा राहिलो, त्याचं बोटसुद्धा कुठे आलेलं नव्हतं. हे सांगायला मी वहिनींकडे जायला हवं होतं. गेलो नाही. त्यांच्या आळीतून जायचं टाळू लागलो.

चैत्रात गेणूबाबांचा निरोप आला, जत्रेला 'वारं' आणा, मास्तरांसाठी. कसं कोण जाणे, वहिनींनाही तो कळला. एस.टी. स्टँडवर त्या पिशवी घेऊन उभ्या होत्या, पिशवीत घडी केलेला पडदा. चाकणपर्यंत मी खिडकीबाहेर बघत राहिलो. शेवटी म्हटलं, "वहिनी, त्यात ते नाहीत. कशातच नाहीत."

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही इतके दिवस घराकडे फिरकला नाहीत, तेव्हाच समजलं."

"मग कशाला येताय एवढ्या लांब?"

"ते इथे यायचे ना? बघू दे मला, कुठे यायचे ते."

देवळापुढे पडदा बांधला. इंजिन फटफटू लागलं. चिमाबाईंनी वहिनींना आपल्याजवळ, पुढे बसवून घेतलं. चित्र सुरू झालं, बाबा तिवईवर चढले, उतरले, पुन्हा चढले. उडी जवळ येऊ लागली. ओरडले तर वहिनींना काय वाटेल, आणि नाही ओरडले तर... सूप वर गेलं, सूप खाली आलं. गाव गप्प. मग चिमाबाईंचा आवाज आला, हळू, शेजारणीला सांगावं तसा. "हितं मास्तर व्हते बगा, वहिनी."

रीळ संपलं. दिवा तसाच राहिला. पडद्यावर पांढरा चौकोन आणि त्यात कोणी नाही. लोक उठेनात. त्यांना सवय होती, आता कोणीतरी येईल आणि विचारेल. मी यंत्रात काहीतरी बघू लागलो. गेणूबाबा मागे न वळताच म्हणाले, "फोटोवाले, जावा की पुढं."

मी चपला काढल्या आणि गेलो. त्या उजेडात उभं राहिल्यावर पहिल्यांदा कळलं की समोरचं काहीच दिसत नाही. एकही चेहरा नाही, नुसता पांढरा झोत. इतकी वर्षं तो आंधळ्यासारखा उभा राहून बोलायचा, आणि मला वाटायचं, तो लोकांचे चेहरे बघून बोलतो. मी विचारलं, "काय चुकलं?" मग मीच सांगायला लागलो. सावली मला दिसली होती, तुम्ही नको म्हणत असताना मी कापली, कचऱ्यात टाकली. त्याने एकदा मागितलं होतं, आणि मी वाया जाईल म्हणालो. मग झोतापलीकडून वहिनींचा आवाज आला, अगदी सरळ, घरात विचारावं तसा.

"भाऊजी, तिथे ते कसे उभे होते?"

मी पडद्याकडे पाठ करून उभा होतो, तसाच हात वर केला. मागे पडद्यावर सावली पडली असणार. मला ती दिसत नव्हती.

"आसं न्हाई," गेणूबाबा म्हणाले. "डावा हात. उजवा न्हाई."

मी हात बदलला.

"टोपी घाला कुनाची तरी," चिमाबाई म्हणाल्या. "तिरकी घाला. आन् जरा वाका फुडं, मास्तर असं ताठ कवा हुबं ऱ्हायचं?" पुढच्या रांगेतून कोणीतरी टोपी दिली. मी ती तिरकी घातली, वाकलो. "आनि जरा वाका. आं... आता गुडघा. व्हय, व्हय, आसंच!" सगळं गाव सांगू लागलं, हात अजून वर, मान खाली, एक पाय पुढे. अनंता लोकांना विचारायचा, आता लोकच मला घडवत होते, आणि मी झोतात डोळे मिटून ते सांगतील तसा वळत होतो. मग इंजिनाचा आवाज तेवढा राहिला. मी हललो नाही. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. हात भरून आला तरी खाली घेतला नाही, कारण हात खाली आला की बटण सोडायचं असतं.

बऱ्याच वेळाने वहिनी म्हणाल्या, "शिवण जरा वाकडीच झालीय माझी." आणि चिमाबाई म्हणाल्या, "आसू द्या, वहिनी. कापडच हाय त्ये."

परवा 'वारं'चं रीळ काढून पाहिलं. उडीच्या जागेची जोड सुटत आली होती. पुढच्या चैत्रात ते गाव पुन्हा मागवणार, तोवर तुटायला नको. मी दोन्ही टोकं खरवडून साफ केली आणि पुन्हा चिकटवली. नेहमीच्या सवयीने जोड सफाईदार, उडी न जाणवेल अशी करता येते का, हे बघायला हात वळला होता... तो आवरला. होती तिथेच, होती तशीच जोडली.